सातचा हट्ट

दिवाळी अंकासाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप दरवर्षी श्रावणात येतो आणि त्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते : 'विषय शक्यतो प्रसन्न असावा.' एरवी दर आठवड्याला या जागेवरून मी भाजीच्या भावाबद्दल कुरकुरलो काय किंवा जिन्यातल्या दिव्याबद्दल कुरकुरलो काय, त्यांचे काही म्हणणे नसते. पण दिवाळीचा अंक माणसे चकली-कडबोळ्यांबरोबर वाचतात. तेव्हा तोंडाची चव बिघडू नये हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. यंदाच्या माझ्या गोष्टीत मात्र आरंभीच पाच मृत्यू आहेत. मेलेले पाचही जण माझ्या अंगठ्याएवढेसुद्धा नव्हते आणि शेवट तसा गोड आहे, एवढ्या दोन सबबींवर ती छापावी अशी विनंती.

त्याचे असे झाले. सारा जन्म दादरला काढल्यावर तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता पुण्याबाहेरच्या एका नव्या वसाहतीत मुलाकडे राहावयास आलो. घर हवेशीर, माणसे भली. पण आल्या दिवशीच आमच्या सौभाग्यवतींनी ओट्यापाशी उभे राहून निकाल दिला, "अहो, या पाण्यात डाळ शिजायची नाही." तिने उभा संसार तानसा-वैतरणेच्या पाण्यावर केलेला. ते तलावात साठलेले पावसाचे पाणी, मऊ. इथले पाणी काळ्या कातळातून बोअरने उपसलेले. बादलीच्या तळाशी पांढरा थर धरे, नळाची जाळी महिन्यात बुजे, साबणाला फेस येईना, आणि तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्या होऊनही दाणा दाणा वेगळा. मी मनात म्हटले, हिला नव्या घराशी भांडता येत नाही म्हणून पाण्याशी भांडते आहे. तिने चार दिवस कुरकुर केली आणि मग डाळ तासन् तास आधी भिजत घालू लागली. तंटा मिटला. वाचकहो, ही डाळ तेवढी ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी काम आहे.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी नात चिमी तेव्हा चौथीत होती. भाऊबीजेला ओवाळायला सख्खा भाऊ नाही म्हणून त्या दिवशी तिचे तोंड उतरते. तेव्हा मी विचारले, "तुला काय हवं ते माग." तिने मासे मागितले. मी एका पायावर तयार झालो, कारण ती हौस माझीच जुनी होती. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. मी शाळेत असताना वडिलांचे बोट धरून ते पाहिले आणि पुढे कित्येक महिने स्वप्नात मासेच पोहत होते. आमच्या चाळीजवळच्या विहिरीत डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडलेले असत. त्यातले चार मी लोणच्याच्या बरणीत आणून पाळले. पोळीच्या चुऱ्यावर ते सुखाने जगले. (मराठीत त्यांना गप्पी का म्हणतात कोण जाणे, जन्मभर एक शब्द बोलत नाहीत.) तेव्हापासून माझा असा समज होता की मत्स्यपालन म्हणजे पाणी भरायचे आणि मासा सोडायचा, झाले.

शहरातल्या एका दुकानातून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी आणली. तळाशी पसरायला संगमरवराचे पांढरेशुभ्र खडे घेतले, शोभेला समुद्रातले शंखशिंपले घेतले. चिमीने मासे निवडले : निळी-लाल रेघ असलेले पाच निऑन टेट्रा, चार रंगीत शेपटीचे गप्पी आणि दोन काळे मॉली. दुकानातला मुलगा पिशवीला गाठ मारता मारता म्हणाला, "काका, बाकी काही नाही, फक्त पी.एच. सांभाळा. सात ठेवा." आणि त्याने दोन इवल्याशा बाटल्या दिल्या. एक मोजायची, दुसरी उतरवायची.

पी.एच. म्हणजे पाणी आंबट की खारट, एवढे मला शाळेतले पुसटसे आठवत होते. तेही चूक होते. आंबटाच्या उलट खारट नव्हे, अल्क. म्हणजे चुन्याच्या निवळीसारखे, सोड्यासारखे, हाताला बुळबुळीत लागणारे. आपल्याकडे बायकांना ही विद्या फार पूर्वीपासून अवगत आहे. हळदीत चुना कालवला की पिवळ्याचे लाल कुंकू होते, ते याच गुणाने. आणि त्या लालावर लिंबू पिळले की ते पुन्हा पिवळे पडते. शास्त्रज्ञांनी या आंबट-अल्काला आकडे दिले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याची एक प्रयोगशाळा होती. तिथल्या सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली पी.एच.ची मोजपट्टी सांगितली. शून्यापासून चौदापर्यंत. मधला सात म्हणजे ना आंबट ना अल्क. सातच्या खाली आंबट, वर अल्क. यात एक गोम आहे. ही पट्टी शिंप्याच्या टेपासारखी नाही. तिच्यावरचे प्रत्येक घर दहा पटींचे आहे. सहा हे सातपेक्षा दहा पट आंबट, आणि आठावरून सहावर यायचे तर शंभर पट. हे मला त्या वेळी ठाऊक असते, तर मी आठावरून सातवर येणे म्हणजे जिन्याची एक पायरी उतरणे, असे समजलो नसतो.

घरी येऊन पेटी भरली, मासे सोडले आणि नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. बाटलीबरोबरच्या कागदावर पिवळा म्हणजे सहा, पोपटी म्हणजे सात आणि निळा म्हणजे सात पूर्णांक सहा. माझी नळी गर्द निळी. कागद तिथेच संपत होता. पाणी त्याच्याही पलीकडे गेले आहे की काय, हे त्यावरून कळण्याची सोय नव्हती. मी चिमीला म्हणालो, "घाबरू नकोस, आत्ता सातावर आणतो." दुसऱ्या बाटलीतले आम्ल सांगितल्याप्रमाणे थेंबथेंब टाकले. संध्याकाळी नळी पोपटी झाली. आजी, आजोबा, नात, तिघांनी टाळ्या पिटल्या. सकाळी उठून पाहतो तो पुन्हा निळी! पुन्हा थेंब, पुन्हा पोपटी, पुन्हा सकाळी निळी.

हा खेळ बारा दिवस चालला. माझी नोकरी कोर्टात शिरस्तेदाराची झाली. हिशेबाचा आकडा जुळल्याशिवाय उठायचे नाही, ही जन्माची सवय. सात म्हणजे सात. मी रोज थोडे आम्ल जास्त घालू लागलो. मासे वर येऊन तोंडे उघडमीट करीत. मी म्हणे, भूक लागली असेल. आणि वर चिमूटभर खाणे टाकी. तेराव्या दिवशी, रविवारी, मी वैतागून अर्धी बाटली रिकामी केली. पाणी बराच वेळ पोपटी राहिले. मी विजयी मुद्रेने झोपलो. सोमवारी पहाटे पाचही निऑन तळाशी होते. त्यांची ती निळी रेघ विझलेल्या फुलबाजीच्या तारेसारखी करडी झाली होती.

चिमी शाळेच्या गणवेशात, अर्धी वेणी घातलेली, पेटीपाशी उभी होती. "आजोबा, का मेले?"

खोटे कशाला सांगू? माझ्या हातात ती बाटली होती. मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणालो, "थंडीने, बाळ. कार्तिक लागला ना."

तिने मान हलवली. तिला ते पटले. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढेच त्याचे कारण.

आमच्या खालच्या मजल्यावर एक अण्णा राहतात. शेतकी खात्यात हयात गेलेले. मी त्यांच्यापाशी मन मोकळे केले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमच्या पाण्याचा सामू किती?"

मी म्हणालो, "कोण सामू?"

अण्णा पोट धरून हसले. पी.एच.ला शेतकरी सामू म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. माती तपासायला दिली की जो कागद येतो त्यावर आरंभीच लिहिलेले असते, सामू अमुक. मराठी लेखनात एवढी वर्षे घालवून हा शब्द मला एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याकडून शिकावा लागला. अण्णा माझ्याबरोबर वर आले, त्यांनी पेटीतला एक संगमरवराचा खडा उचलून पुसला, बशीत ठेवला आणि सौभाग्यवतींकडून व्हिनेगर मागून त्यावर चार थेंब टाकले. खडा फसफसू लागला. शिंपल्यावर टाकले, तोही फसफसला.

"चुनखडी," अण्णा म्हणाले. "तुम्ही वरून आंबट ओतता आणि खालून ही ते खाते. त्यात तुमचं पाणीही तसलंच. कितीही ओता, सकाळी आपल्या जागी परत."

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या भाषेत मांडतो. कातळातून मुरून आलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. त्यांतला बायकार्बोनेट नावाचा क्षार ही त्या पाण्याची पुंजी समजा. आम्लाचा थेंब आला की पुंजीतून तेवढी रक्कम खर्ची पडते आणि सामू फारसा हलत नाही. या खर्चातून कार्बनचा वायू सुटतो. तो पाण्यात आहे तोवर पाणी आंबट दिसते. रात्रीतून तो हवेत उडून गेला की सामू पुन्हा वर. सोडा वॉटरची बाटली उघडी ठेवल्यावर तिचा झणका जातो तसे. एकदम पुष्कळ आम्ल ओतले की हा वायू एकदम पुष्कळ सुटतो, आणि माशांना श्वास घेणे कठीण होते. म्हणजे ते वर येऊन तोंड उघडीत होते ते भुकेने नव्हे. मी ज्याला भूक समजून वर खाणे टाकीत होतो, ती त्यांची घुसमट होती.

दुसरी गोष्ट याहून वाईट. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो पचवणारे सूक्ष्म जंतू नव्या पेटीत नसतात. ते वाढून पेटी 'मुरायला' चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी अकरा मासे सोडले आणि वर भरपूर खाणे. अमोनिया साठणारच. आता हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक विषारी. आणि कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. साधारण पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यात सामू सात असेल तर विषारी भाग शेकडा अर्ध्याच्या आसपास. आठ झाला की शेकडा पाच. घर एक, फरक जवळजवळ दहा पट. म्हणजे संध्याकाळी मी त्या विषाला निजवीत होतो आणि सकाळी तेच जागे होत होते. रोज.

"मग नेमके मेले कशाने?" मी विचारले.

"नेमकं नाही सांगता येणार," अण्णा म्हणाले. "पण यातलं जे काही असेल ते तुमच्याच हातचं." शेतकी खात्यातली माणसे स्पष्ट बोलतात.

जाता जाता ते दारात थांबले. "अहो, चुनखडीच्या रानात आम्ही शेतकऱ्याला काय सांगायचो? आम्लाच्या टाक्या ओत म्हणून नाही सांगायचो. त्या मातीत काय येतं ते बघ आणि ते लाव. तुमच्या पेटीत बघा, मेलं कोण आणि जगलं कोण."

मी पाहिले. गप्पी चारही जिवंत. मॉली दोन्ही जिवंत. त्यांना असले जड, अल्काकडे झुकणारे पाणी मानवते. निऑनचे मूळ कूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पालापाचोळ्याने चहासारख्या झालेल्या मऊ, आंबट ओढ्यांतले. सात हा आकडा दुकानदाराने सर्वांची सरासरी म्हणून सांगितला असावा. शिवाय बहुतेक बाजारी मासे पिढ्यान् पिढ्या टाक्यांतच वाढलेले असल्यामुळे साडेसहापासून आठपर्यंतच्या कोणत्याही पाण्याला हळूहळू सरावतात. एका जागी स्थिर राहिलेला आठ त्यांना चालतो. रोज वरखाली होणारा सात चालत नाही. आणि बाहेर आलो तो स्वयंपाकघरात सौभाग्यवती डाळ भिजत घालीत होत्या. हे पाणी जड आहे, हा निकाल त्यांनी कोणत्याही बाटलीवाचून पहिल्या दिवशी दिला होता, आणि त्यावरचा उपायही करून दाखवला होता. पाणी बदलायला त्या गेल्या नाहीत. पाणी जसे आहे तसे धरून त्यांनी आपली रीत बदलली.

हे सारे मला मार्गशीर्षात कळले. चिमीला सांगावे असे रोज वाटे आणि रोज राहून जाई. तिला कुठे समजणार आहे, अशी मी मनाची समजूत घालीत असे. खरे कारण असे की तिच्या लेखी आजोबांना सर्व ठाऊक असते, आणि ते पद सोडायला मी तयार नव्हतो.

पौषात एका रात्री कडाक्याची थंडी पडली. मला पाणी प्यायला जाग आली. बाहेरच्या खोलीत दिवा होता. चिमीने आजीची शाल पेटीभोवती गुंडाळली होती आणि ती स्टुलावर चढून उभी होती. हातात गीझरच्या पाण्याने भरलेला तांब्या. वाफा निघत होत्या.

"थांब!" मी ओरडलो.

"आजोबा, यांना पण थंडी वाजत असेल. हे पण मरतील."

तांब्या मी तिच्या हातून घेतला. तो भाजत होता. अजून अर्धा मिनिट मी झोपेत राहिलो असतो तर माझ्या खोटेपणाने उरलेले सहाही मासे मेले असते, आणि या वेळी त्यांना मारणारा हात तिचा असता. तो विचार आजही मनात आला की माझ्या पोटात कालवते. मी तिला मांडीवर घेतले आणि सगळे सांगितले. बाटली, थेंब, चुनखडी, खिशात टाकलेला हात, सगळे.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "तुम्ही रोज मोजत होतात ना?"

"हो."

"मग वहीत का नाही लिहून ठेवलंत? लिहिलं असतं तर रोज सकाळी तेच होतंय हे कळलं असतं."

कोर्टात पस्तीस वर्षे नोंदी ठेवलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली.

त्या वहीच्या आधारावर आता जे चालते ते, नव्याने मासे पाळू पाहणाऱ्यांसाठी सांगतो. पहिले काम, आपल्या नळाचे पाणी ओळखा. बादलीत भरून एक दिवस तसेच ठेवा आणि मग मोजा. बोअरच्या ताज्या पाण्यात वायू कोंडलेला असतो, त्यामुळे नळाखाली एक आकडा येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा, खरा दुसराच. आमच्या पाण्याला वरच्या पल्ल्याची वेगळी बाटली आणावी लागली. तिने आकडा दिला, आठ. रंग दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर पाहावा. हळदीवर विसंबू नये. तिचा रंग पालटतो तो आठच्या आसपास आणि पुढे, बारीक फरक तिला कळत नाही. दुसरे, पेटीत जे घालाल त्यावर आधी व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसले तर बाहेर. संगमरवर आणि शिंपले आम्ही काढले, तेही एकदम नव्हे; तीन रविवारी तीन वाट्यांनी. त्यांच्या जागी धुतलेली काळी खडी घातली. चूक दुरुस्त करतानाही घाई करायची नसते, हे अण्णांचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर चिमीने लिहिले आहे.

तिसरे, दर रविवारी पेटीतले चौथाई पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. आमच्या पेटीला ही एक बादली होते. ते पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले असावे आणि त्यात क्लोरिन मारणारे थेंब टाकावेत. फोटोग्राफर लोक पूर्वी हायपो म्हणत, पुष्कळदा त्याचेच ते द्रावण असते. नुसते रात्रभर ठेवूनही साधा क्लोरिन बराच उडून जातो. पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते तसे उडत नाही. चौथे, नवे मासे आणले की पिशवी तरंगत ठेवून भागत नाही. त्याने उष्णता सारखी होते, सामू होत नाही. दहा दहा मिनिटांनी पेटीतले वाटीभर पाणी पिशवीत घालीत तासाभराने मासे सोडावेत. आणि सामू उतरवायची बाटली? ती आता घरात नाही.

ज्यांच्या नळाला धरणाचे मऊ पाणी येते त्यांचे दुखणे उलट असते. त्या पाण्याची पुंजी मुळातच थोडी. माशांची घाण पचवताना ते जंतू स्वतःच आम्ल तयार करतात आणि ही पुंजी खात राहतात. महिनोन् महिने पाणी बदलले नाही तर एक दिवस खाते रिकामे होते आणि सामू धाडकन सहाच्याही खाली येतो. तिथे ते जंतूही मंदावतात. अशा घरी आम्ही काढून टाकला तो शिंपला एखादा पेटीत असणे हिताचे. एकाचे विष ते दुसऱ्याचे औषध. दर आठवड्याची बादली मात्र दोघांनाही सारखीच लागू.

वहीचा खरा उपयोग वैशाखात झाला. बोअर आटली आणि वसाहतीत टँकर सुरू झाले. मी सवयीप्रमाणे रविवारची बादली उचलली आणि पेटीत रिती करणार, तो चिमी म्हणाली, "आजोबा, थांबा. आज रंग वेगळा आहे." तिने बादलीचे पाणी मोजले होते. वहीत सतरा रविवार आठच्या आसपास आणि आज सात पूर्णांक दोन. टँकरवाल्याने ते कुठून भरले देव जाणे. पण पाणी मऊ होते. त्या दिवशी साबणाला फेस आला म्हणून सौभाग्यवती खूश होत्या. आकडा पाहिला तर ज्या सातसाठी मी बारा दिवस जिवाचे रान केले, तो आयता दारी चालून आलेला! पूर्वीचा मी असतो तर आनंदाने सगळी पेटीच बदलली असती. आम्ही रोज दोन-दोन लिटर घालीत गेलो. पाऊस लागून बोअर परत आली तेव्हा पुन्हा तशाच हळू चालीने मागे आलो. एकही मासा गेला नाही. मी बादली उचलली होती आणि तिने थांबवले, हेही वहीत तिच्या अक्षरात नोंदलेले आहे.

चिमीला निऑन अजून आठवतात. घरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी आणि नळाचे पाणी ठरावीक प्रमाणात मिसळून त्यांच्यासाठी वेगळी लहान पेटी करता येईल, असे अण्णा म्हणतात. नुसते आर.ओ.चे पाणी नको, त्यात पुंजीच नसते. आणि एकदा जे प्रमाण धरले ते दर रविवारी तेच, अर्धे तर अर्धे. आम्ही मोजून मापून, आधी पेटी सहा आठवडे मुरवून, मग पाहू. तिला घाई नाही. मलाही आताशा नसते.

आता दिवाळी तोंडावर आली आहे म्हणून एक शेवटचे सांगणे. घरोघर साफसफाई निघते. जळमटे काढा, भांडी घासा, रद्दी विका. पण उत्साहाच्या भरात माशांची पेटी मात्र रिकामी करून, खडे साबणाने घासून, ताज्या पाण्याने भरू नका. पाहुण्यांना ती लखलखीत दिसेल आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मासे उलटे झालेले असतील. साऱ्या वर्षात वाढलेले ते जंतू आणि स्थिरावलेले पाणी तुम्ही एका तासात मोरीत ओतलेले असते. काच आतून पुसा, नेहमीची चौथाई बादली बदला, पुरे. घरात रंग लावीत असाल तर पेटीवर चादर टाकून हवेचा पंप बंद खोलीबाहेर ठेवा. आणि पाहुण्यांच्या मुलांवर नजर असू द्या; चिवड्यातला शेंगदाणा माशाला द्यावा असे प्रत्येक मुलाला वाटतेच.

आमच्या घरी त्या चार गप्पींचे आता सतरा झाले आहेत, मॉली दोनाच्या पाच. हा लेख टपालात टाकण्यापूर्वी आकडे बरोबर आहेत ना म्हणून मी वही उघडली. गेल्या रविवारची नोंद अशी :

'पाणी एक बादली बदलले. सामू ८. सर्व मासे हजर. आजोबांनी जास्तीचे काही केले नाही.'